अडीच विसा म्हणजे पन्नास

कोपनहेगनला निघण्यापूर्वी निरोप द्यायला आलेल्या प्रत्येकाने त्या दोघांना एकच गोष्ट आवर्जून सांगितली होती : तिथे इंग्रजी चालते, काळजी नको. ही माहिती खोटी नव्हती. विमानतळावर, बँकेत, मेट्रोत, वाण्याच्या दुकानात, जो भेटेल तो सहज इंग्रजी बोलत होता. पती ज्या औषधनिर्मितीच्या कंपनीत संगणक अभियंता म्हणून रुजू झाला, तिथे करारपत्रापासून बैठकांपर्यंत सारा व्यवहार इंग्रजीत होता. साठ लाखांच्या आसपास वस्तीचा देश. त्याची भाषा देशाबाहेर फार थोड्यांना येते. तेव्हा तिथल्या माणसाला शाळेच्या बाकावरच परकी भाषा शिकणे भाग असते. इंग्रजी चालते, हे खरेच होते. ती पुरते का, हे मात्र कोणी सांगितले नव्हते.

नगरच्या मार्केटयार्डात भुसाराची आडत असलेल्या ओसवाल घरातली ती धाकटी सून. शिक्षणाने दंतवैद्य. लग्नानंतर चार वर्षे नगरात स्वतःचा दवाखाना चालवलेली. पतीला परदेशी नोकरी मिळाली तेव्हा दवाखान्याची खुर्ची, यंत्रे आणि पाटी एका मैत्रिणीच्या स्वाधीन करून, तीन वर्षांच्या मुलीला घेऊन ती निघाली. परवाना-पत्रावर तिच्या नावापुढे 'सोबत येणारी पत्नी' अशा अर्थाचे शब्द होते. त्या परवान्यावर तिला नोकरी करण्याची पूर्ण मुभा होती. परंतु दाताचा डॉक्टर म्हणून काम करायचे तर युरोपीय संघाबाहेरून आलेल्यास आधी डॅनिश भाषेची परीक्षा द्यावी लागते, मग विषयाच्या परीक्षा. यात अन्याय काही नाही. दुखणे माणूस आपल्या भाषेतच सांगतो. नगरच्या दवाखान्यात एखाद्या आजीबाई 'दाढ ठणकते', 'दाढ सणकते' आणि 'दाढ शिवशिवते' असे तीन निरनिराळे शब्द वापरत, तेव्हा त्यावरूनच निम्मे निदान होई, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

पहिले काही महिने मात्र भाषेपर्यंत विचार पोहोचलाच नाही. देशात राहायला आलेल्याला दहा आकडी नागरिक-क्रमांक मिळतो. त्यातले पहिले सहा आकडे जन्मतारखेचे असतात. तो मिळाला की बँक, दवाखाना, मुलीची बालवाडी सारे उघडते. डॉक्टरचे नाव छापलेले पिवळे कार्ड घरी येते. सरकारी पत्रे कागदावर येत नाहीत, संगणकावरच्या टपालपेटीत येतात आणि ती डॅनिशमध्ये असतात. ती पत्रे फोनवरच्या भाषांतर-यंत्रात घालून वाचायची सवय झाली. एकदा यंत्राने कर भरण्याच्या पत्राला 'लाडक्या'चे पत्र करून टाकले, कारण 'स्काट' या एकाच शब्दाचे तिथे कर, खजिना आणि प्रिय व्यक्ती असे तिन्ही अर्थ होतात. नगरला फोनवर हे सांगितल्यावर सासरे, ज्यांना घरात सारे 'भाऊ' म्हणत, इतके हसले की त्यांना पाणी द्यावे लागले. आयुष्यभर विक्रीकराच्या फायली सांभाळलेल्या माणसाला कर आणि प्रियजन एका शब्दात बसलेले पाहून हसू येणे स्वाभाविकच होते.

भाषेची पहिली खरी निकड स्वयंपाकघरात निर्माण झाली. प्रत्येक वेष्टनावर घटकपदार्थांची यादी असते, पण ती डॅनिश किंवा तिच्या शेजारच्या भाषांत. 'एग' म्हणजे अंडे, हे कानाला तरी ओळखीचे. कांद्याला 'लॉय', लसणाला 'विदलॉय', म्हणजे शब्दशः पांढरा कांदा. गाजराला 'गूलरोद', पिवळे मूळ. हा शब्द तिला फार आवडला. कंदमूळ वर्ज्य करणाऱ्यांसाठी इतका प्रामाणिक शब्द क्वचितच सापडेल, कारण 'रोद' म्हणजेच मूळ. बटाट्याचे 'कार्तोफल' मात्र काहीच सुचवत नाही. चीजमधले विरजण प्राण्याच्या जठरातले की सूक्ष्मजीवांचे, हे शोधण्यात तर एकेक संध्याकाळ जाई. आणि संध्याकाळ तिथे कधी होते, हाही एक प्रश्नच. डिसेंबरच्या अखेरीस सूर्य साडेआठनंतर उगवतो आणि दुपारी पावणेचारच्या आत मावळतो. नवकारशीची 48 मिनिटे सोडली आणि चौविहार पाळला तर साऱ्या दिवसाचे खाणेपिणे सहा-सव्वासहा तासांत बसवावे लागते. जूनमध्ये उलट, रात्री दहाच्या सुमारास सूर्यास्त. नगरची बाई, म्हणजे तिच्या सासूबाई, म्हणाल्या, "मग उन्हाळ्यात रात्री नऊला जेवलात तरी चालेल म्हणा की! पण सवय लावून घेऊ नका, इकडे आल्यावर पंचाईत होईल."

सरकारी भाषावर्गात तिने नाव घातले ते पहिल्या हिवाळ्यात. शिक्षणाच्या पार्श्वभूमीप्रमाणे तिथे तीन वेगवेगळे मार्ग आहेत. उच्चशिक्षितांसाठी तिसरा. त्याचे सहा टप्पे, आणि शेवटी परीक्षा. नोकरीसाठी आलेल्यांना व त्यांच्या जोडीदारांना पाच वर्षांच्या मुदतीत साडेतीन वर्षे शिकण्याची संधी असते. अनामत रक्कम तेवढी ठेवावी लागते. पतीने नाव घातले नाही. त्याचे म्हणणे सरळ होते : कंपनीत लागत नाही, बाहेर लागत नाही, आणि तीन वर्षांनी आपण कुठे असू कोण जाणे. दिवसभर काम करून आलेल्या माणसाला आठवड्यातून दोन संध्याकाळ वर्गात बसवणे सोपे नाही, हे तिलाही पटत होते. त्यामुळे वाद झाला नाही. ती एकटीच जाऊ लागली.

डॅनिश भाषा लिहिली जाते एक आणि बोलली जाते दुसरीच. 29 अक्षरांची वर्णमाला. शेवटी तीन स्वरचिन्हे अशी की इंग्रजीत त्यांचा पत्ता नाही. शब्दातली निम्मी अक्षरे बोलताना गिळली जातात. त्यावर आणखी गळ्यातला एक हिसका, ज्याला तिथे 'स्टोड' म्हणतात. 'हुन' म्हणजे ती स्त्री. तोच उच्चार गळ्यात क्षणभर अडकवला की त्याचा अर्थ कुत्रा होतो. 'मोर' म्हणजे आई, आणि आईच्या शब्दात हा हिसका बसला की खून. वर्गात पहिले काही आठवडे सगळे जण आपापल्या आयांचा खून करत होते. बाहेर सराव करावा, तर अडचण वेगळीच. दुकानात तिने डॅनिशमध्ये वाक्य सुरू केले की समोरचा माणूस चेहरा ओळखून, सौजन्याने, लगेच इंग्रजीत उत्तर देई. परक्याला मदत करण्याची ही रीत; पण तिच्यामुळे कित्येक जण दहा दहा वर्षे त्या देशात राहूनही भाषेच्या उंबरठ्याबाहेरच राहतात.

मग आकडे आले. शंभरपर्यंतच्या आकड्यांनी वर्गात हाहाकार उडाला. पन्नासला 'हाल्त्रेस', साठला 'त्रेस', सत्तरला 'हाल्फ्येर्स', ऐंशीला 'फीर्स', नव्वदला 'हाल्फेम्स'. शिक्षिकेने फळ्यावर फोड करून दाखवली. त्रेस म्हणजे तीन विसा, साठ. फीर्स म्हणजे चार विसा, ऐंशी. आणि हाल्त्रेस म्हणजे 'तिसरा अर्धा' असा विसा. दोन पूर्ण, तिसरा अर्धा, म्हणजे अडीच विसा, पन्नास. तसेच 'चौथा अर्धा' म्हणजे साडेतीन विसा, सत्तर. 'पाचवा अर्धा' म्हणजे साडेचार विसा, नव्वद. पोलंडचा अभियंता, स्पेनची नर्स, ब्राझीलचा आचारी, सगळ्यांनी कपाळाला हात लावला. ती एकटी वहीकडे पाहत राहिली, कारण हे तिने कुठेतरी आधी ऐकलेले होते.

त्या रात्री नगरला फोन लागला तेव्हा भाऊ नेहमीप्रमाणे वखारीचा हिशेब मिटवून बसले होते. तिने सांगितले, "भाऊ, इथे पन्नासला अडीच विसा म्हणतात. आणि अडीचला तिसरा अर्धा." पलीकडे क्षणभर शांतता. मग भाऊ म्हणाले, "अगं, मग आपण काय म्हणतो? अडीच म्हणजे दुसरं काय आहे?"

आणि पुढचा पाऊण तास त्या फोनवर जे झाले, ते कोणत्याही भाषावर्गात झाले नसते. भाऊंच्या पिढीने शाळेत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी अशी पाठांतरे केलेली. औट म्हणजे साडेतीन. घरच्या मारवाडी पाढ्यांत त्यालाच हूंठा, आणि साडेचारला ढौंचा. दिवाणखान्यात येणाऱ्या एका पंडितजींकडून भाऊंनी या शब्दांची मुळे कधीकाळी समजून घेतली होती. संस्कृतात 'अर्धतृतीय', म्हणजे ज्यातला तिसरा अर्धा आहे ते. प्राकृतात त्याचे 'अड्ढाइज्ज' झाले आणि त्यातून आपला अडीच. 'अर्धचतुर्थ', ज्यातला चौथा अर्धा, त्याचा औट. "आणि अढाई द्वीप काय आहे?" भाऊंनी विचारले. "जंबूद्वीप एक, धातकीखंड दोन, आणि तिसरा पुष्करवर अर्धा. तिसरा अर्धा! लहानपणापासून प्रतिक्रमणात म्हणतेस की तू हे." डॅनिशमध्ये दीडला 'हालॲनन' म्हणतात, म्हणजे 'दुसरा अर्धा', हे तिने सांगितले, तेव्हा भाऊंना बसवेना. तिथे त्रेपन्न म्हणताना आधी तीन येतात आणि मग पन्नास, हेही तिने सांगितले. मराठीतही त्रेपन्नात तीन आधीच येतात. इंग्रजीच काय ती उलटी चालते.

यामागे दोन्ही भाषांचे दूरचे नाते असेल. मोजण्याची एकच जुनी युक्ती दोन ठिकाणी टिकून राहिली असेल. नाते आहे, याची साक्ष तिच्या स्वतःच्या व्यवसायातच होती : दात या अर्थी डॅनिश 'टान' आणि आपला 'दंत' हे एकाच मुळाचे. पण तिच्या लेखी महत्त्वाचे इतकेच की, त्या दिवसापासून ही भाषा परकी वाटेनाशी झाली. भारतात डॅनिश लोक राहून गेले आहेत, हेही तिला मागाहून कळले. कलकत्त्याजवळचे श्रीरामपूर 1845 पर्यंत डेन्मार्कच्या ताब्यात होते, आणि विल्यम केरीचे मराठी व्याकरण 1805 मध्ये तिथेच छापले गेले. मराठीचे एक आरंभीचे छापील व्याकरण डॅनिश झेंड्याखाली निघाले, हे नगरला कोणाला सांगितले तर थट्टाच वाटेल.

भाऊंनी मात्र मुलाला वेगळे काही ऐकवले. त्यांचे पणजोबा मारवाडातून लोटा-दोरी घेऊन नगरला आले तेव्हा त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता. व्यापाऱ्यांत आपसांत मारवाडी चालत होती. तेवढ्यावर त्यांचे पोट भरले असते. पण माल घेऊन येणारा कुणबी मराठी बोलत होता आणि त्याच्याशी सुखदुःखाची चार वाक्ये बोलता आली नाहीत तर तो पुढच्या हंगामात दुसऱ्याच्या दारात गाडी सोडेल, हे त्यांनी ओळखले. दोन वर्षांत ते मराठी बोलू लागले, मोडी वाचू लागले. "तू तिथे पगार घेतोस, दुकान टाकलेलं नाहीस, हे मला माहीत आहे," भाऊ म्हणाले. "पण तुझी मुलगी तिथे वाढते आहे."

मुलगी खरोखरच वाढत होती. बालवाडीत घातल्यापासून सहा महिन्यांत ती डॅनिशमध्ये भांडू लागली. सुरुवातीला सर्वांना कौतुक वाटले. आभाराला तिथे 'ताक' म्हणतात, ती फोनवर आजीला 'ताक' म्हणाली की बाई म्हणत, "आता जिऱ्याची फोडणी दे त्याला." नात्यांचे शब्द तर या भाषेत आपल्यासारखेच मोकळे. आईची आई 'मोरमोर', वडिलांची आई 'फारमोर'. मावशीला 'मोस्टर', आत्याला 'फास्टर'. मामा आणि काका यांना वेगवेगळे शब्द. इंग्रजीने साऱ्यांना एकाच अंकल-आंटीत कोंबले होते, ते इथे सुटे झाले. पण पुढे पुढे मुलगी बाईंच्या मराठी प्रश्नाला डॅनिशमध्ये उत्तर देऊ लागली आणि पलीकडे बाई गप्प राहू लागल्या. घरात मराठीच बोलायचे, असा नियम मग करावा लागला. मुलीच्या बालवाडीतल्या पालकसभेत पती बसला होता, तेव्हा सभा त्याच्यासाठी इंग्रजीत घेण्यात आली. वीस पालक आपल्या मुलांविषयी परक्या भाषेत अडखळत बोलले. घरी येऊन तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने विचारले, "तुझा वर्ग किती वाजता असतो?"

शेजारच्या घरात ऐंशीच्या घरातल्या एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहत. त्यांनाही 'तू'च म्हणावे लागे. त्या देशात साहेबाला, डॉक्टरला, वृद्धाला, सर्वांना 'दु' म्हणजे तूच. आदरार्थी रूप आता राजघराण्यापुरते उरले आहे. आजीच्या वयाच्या बाईला 'तू' म्हणताना तिची जीभ जड होई. पहिल्या जूनमध्ये शेजारीणबाई स्ट्रॉबेरीचे फेसाळ गोड करून घेऊन आल्या. आपण मांस आणि अंडे खात नाही, हे तिने त्यांना आधी सांगून ठेवले होते. तरी पुन्हा विचारले. बाई इंग्रजीत म्हणाल्या, अंडे नाही. साय, साखर, स्ट्रॉबेरी आणि... पुढचा शब्द त्यांना इंग्रजीत सापडेना. 'हूसब्लास', त्या म्हणाल्या, आणि हाताने पातळ पानासारखे काही दाखवले. 'हूस' म्हणजे घर, एवढे तिला येत होते. घरगुती काही असावे, असे समजून तिने ते खाल्ले आणि मुलीलाही भरवले.

उन्हाळ्याची सुटी संपून वर्ग सुरू झाले तेव्हा वाचनाला एक पाककृती आली. त्यात तोच शब्द होता. अर्थ विचारल्यावर शिक्षिकेने सहज सांगितले : जिलेटिनची पाने, बहुधा डुकराच्या कातडीपासून केलेली.

त्या दिवशी ती जेवली नाही. पुढचे तीन आठवडे जिन्यात शेजारीणबाईंची चाहूल लागली की ती दार लावून घेई. आपण दोनदा विचारले होते, तरी असे झाले. पती म्हणाला, "त्यांना शब्द सापडला नाही, तुला समजला नाही. दोष कोणाचा?" तिला ते ऐकवले नाही. शेवटी पर्युषणात तिने बाईंना फोनवर सारे सांगितले. बाई बराच वेळ ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "खाल्लंस ते अजाणता. ते आलोचनेत सांग, उपवास कर. पण तीन आठवडे तू त्या म्हातारीशी बोलत नाहीस, ते तर जाणूनबुजून आहे ना?"

संवत्सरीचे प्रतिक्रमण आटोपल्यावर तिने पाच वाक्ये कागदावर लिहिली, पाठ केली आणि शेजारचे दार वाजवले. क्षमेचा तिथला शब्द आहे 'उन्स्क्युल'. 'स्क्युल' म्हणजे दोष, आणि त्याच शब्दाचे क्रियापद झाले की देणे लागणे. ती म्हणाली, "उन्स्क्युल." शेजारीणबाईंनी गोंधळून विचारले, कशाबद्दल? मग तिने डॅनिशमध्ये सांगितले : मी तुझ्यावर रागावले होते. तुला ठाऊक नव्हते. आमच्याकडे आज सर्वांची क्षमा मागतात. दुसऱ्या वाक्यात ती अडखळली, चौथ्यात क्रियापद चुकले. शेजारीणबाई इंग्रजीकडे वळल्या नाहीत. ती वाक्य पूर्ण करेपर्यंत त्या दाराची चौकट धरून थांबून राहिल्या. त्या देशात आल्यापासून तिला कोणी असे शेवटपर्यंत बोलू दिले नव्हते. राग कशाचा, हे कळल्यावर बाई आत जाऊन खुर्चीवर बसल्या आणि स्वतःच तो शब्द म्हणाल्या.

भाऊंना शब्दाचा अर्थ सांगितला तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे खातं बेबाक."

आता ती तिसऱ्या मार्गाच्या पाचव्या टप्प्यावर आहे. पती दुसऱ्या टप्प्यात रखडला आहे. दवाखान्याची खुर्ची अजून दूर आहे. भाषेची परीक्षा, मग विषयाच्या. कायम राहायचे ठरले तर निराळ्या अटी : सामान्यतः आठ वर्षांचे वास्तव्य आणि भाषेची परीक्षा, नागरिकत्व हवे तर 45 प्रश्नांची आणखी एक चाचणी, जिच्यात 36 उत्तरे बरोबर यावी लागतात. तिथवर जायचे की नगरला परतायचे, हे दोघांनी ठरवलेले नाही. बाईंनी विचारणे सोडून दिले आहे.

गेल्या जूनमध्ये शेजारीणबाई पुन्हा डबा घेऊन आल्या. झाकणावर कागद चिकटवलेला होता, त्यावर शाळेच्या मुलाला लिहून द्यावे तशा ठळक अक्षरांत पदार्थांची यादी आणि खाली 'उदन एग, उदन हूसब्लास', अंड्याविना, हूसब्लासविना. तिने ते मोठ्याने वाचले. 'उदन'मधला द जिभेच्या टोकाशी नुसता विरघळला पाहिजे, तो मराठी द झाला होता. बाईंनी डबा हातातच धरून ठेवला आणि तिच्याकडून तो शब्द तीनदा म्हणवून घेतला.